पिशव्या कोण सांभाळणार?

समीक्षकांबद्दल मला लहानपणापासून आदर आहे. त्यांना नाटकाचे पास फुकट मिळतात, हे त्याचं खरं कारण. पुढे माझं वय वाढलं, पण पास काही मिळाले नाहीत, आणि माझ्यातला समीक्षक पदरचे पैसे मोडूनच नाटकं बघत राहिला. पैसे मोडणाऱ्याचं मत कुणी छापत नाही. आज इतक्या वर्षांनी मी माझं पहिलं रीतसर परीक्षण लिहायला बसलो आहे, ते मात्र नाटकाचं नाही, कादंबरीचं नाही की गाण्याच्या बैठकीचंही नाही. ते एका रोलर कोस्टरचं आहे.

दोष माझा नाही, भाच्याचा आहे. भाचा न्यू जर्सीत असतो. पन्नाशीला टेकला आहे. या वयात माणसानं गुडघ्यांची, घराच्या हप्त्यांची, निदान मुलीच्या कॉलेजच्या फीची काळजी करावी. हा सुटी मिळाली की गाडी काढतो आणि तीनशे मैलांवरच्या कुठल्या तरी बागेत जाऊन पाळण्यात बसतो. बसतो ते बसतो, वर वहीत लिहून ठेवतो. कुठल्या साली बांधला, कुणी बांधला, लाकडी की पोलादी, आपण कितव्या डब्यात बसलो, ऊन होतं की पाऊस. ज्ञानेश्वरीची प्रत जपावी तशी ती वही जपतो. त्या देशात अशा लोकांची चक्क संस्था आहे. ‘अमेरिकन कोस्टर एन्थुझियास्ट्स’ नावाची, १९७८ साली स्थापन झालेली. आमचा भाचा तिचा वर्गणी भरणारा सभासद!

आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो होतो, तेव्हा एका रविवारी असे चार सभासद घरी जमले. एक निवृत्त पोस्टमन होता, एक दातांची डॉक्टरीण होती. मला वाटलं, आता किंचाळण्याच्या गोष्टी निघतील. तसं काहीच झालं नाही. पोह्यांच्या बशा हातात घेऊन ही माणसं तासभर पुढचा डबा श्रेष्ठ की मागचा, यावर भांडत होती. पुढच्या डब्याला समोरचं सगळं दिसतं, पण माथ्यावर पोचल्यावर तो क्षणभर रेंगाळतो, कारण मागचे डबे अजून चढावर असतात. मागचा डबा माथ्यावर येतो तेव्हा पुढचे उताराला लागलेले असतात, त्यामुळे त्याला फरफटत खाली ओढलं जातं आणि बसणारा जागेवरून चांगला वर उचलला जातो. या अधांतरी अवस्थेला ते ‘एअरटाइम’ म्हणतात आणि म्हणताना डोळे मिटतात. आमच्याकडे बालगंधर्व मोठे की केशवराव भोसले, यावर अशीच माणसं रात्ररात्र जागत.

मग गाडी सकाळी चांगली धावते की संध्याकाळी, हा विषय निघाला. सकाळी चाकांचं वंगण घट्ट असतं, दिवसभराच्या फेऱ्यांनी ते तापतं, पातळ होतं, आणि संध्याकाळी गाडी खरी रंगते. गवयाचा आवाजसुद्धा असाच तापावा लागतो, हे मला ठाऊक होतं. फलाटावरची माणसं एक गाडी सुटल्यापासून दुसरी किती सेकंदांत सोडतात, याची तर डॉक्टरीणबाईंनी घड्याळ लावून नोंद ठेवली होती. मी न राहवून विचारलं, “पण मजा येते का हो?” चौघंही एकदम गप्प झाले. मशिदीत पायतण घालून गेल्यासारखं मला वाटलं.

पुढच्या शनिवारी भाचा आम्हाला न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला घेऊन गेला. समोर अटलांटिक, वाळू, लाकडी फळ्यांचा लांबलचक रस्ता. आमच्या सौभाग्यवतींनी “चौपाटीच की!” म्हणून विषय संपवला. भाचा मात्र देवस्थानाचं माहात्म्य सांगणाऱ्या पुजाऱ्यासारखा सुरू झाला.

अमेरिकेतली या जातीची पहिली तिकिटाची गाडी १८८४ साली इथेच सुरू झाली. ती बांधणारे लामार्कस थॉम्प्सन. भाडं ५ सेंट, वेग ताशी ६ मैल. लोक जिना चढून मनोऱ्यावर जायचे, गाडी उतारावरून पलीकडे घरंगळायची, मग सगळ्यांनी खाली उतरायचं, नोकरांनी गाडी दुसऱ्या मनोऱ्यावर ढकलायची आणि परत बसून यायचं. घाटात बंद पडलेल्या एस. टी.चा हा अनुभव आम्ही पुष्कळदा घेतला आहे, तोही जास्त भाडं देऊन.

पुढे तिथे तीन मोठ्या बागा झाल्या. १८९७ची स्टीपलचेस, १९०३ची लूना पार्क, १९०४ची ड्रीमलँड. लूना पार्कात अडीच लाख विजेचे दिवे होते. आणि तिघींच्याही नशिबी आग होती! ड्रीमलँड १९११ साली जळाली ती उठलीच नाही. लूना पार्क १९४४ साली गेली. स्टीपलचेस १९०७ साली जळाली, तेव्हा तिचे मालक जॉर्ज टिल्यू यांनी दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लावली: जळते अवशेष पाहण्याचे १० सेंट. या माणसाला मी मनोमन नमस्कार केला. आमच्या एखाद्या नाटक कंपनीला असा मॅनेजर मिळता, तर तिच्यावर दिवाळं काढण्याची वेळ आली नसती.

“आणि मामा, इथे अपुऱ्या दिवसांची बाळं ठेवलेली असायची,” भाचा म्हणाला.

मला वाटलं, थट्टा करतोय. पण ती थट्टा नव्हती. मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थांनी १९०३ ते १९४३ अशी चाळीस वर्षं इथे काचेच्या उबदार पेट्या मांडल्या होत्या. त्या काळी बहुतेक इस्पितळांत अशी सोयच नव्हती. कूनी आईबापांकडून छदाम घेत नसत. शेजारी पाळणे फिरत, पलीकडे हत्ती, विदूषक, आणि मधे २५ सेंटांचं तिकीट काढून लोक ती चिमुकली बाळं बघत. त्या तिकिटांवर दाया, दूध, ऊब सगळं चाले. निरनिराळ्या ठिकाणच्या त्यांच्या प्रदर्शनांत मिळून सुमारे ८,००० बाळं आली आणि त्यांतली सुमारे ६,५०० जगली, असं सांगतात. कूनींच्या डॉक्टरकीच्या पदवीबद्दल अभ्यासकांना शंका आहे. बाळांना नव्हती.

सौभाग्यवती बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आणि आपण म्हणतो, जत्रा म्हणजे रिकामटेकड्यांचं काम.” हे ‘आपण’ म्हणजे मी, हे समजण्याइतकं लग्न जुनं झालं आहे.

एवढं झाल्यावर आम्ही सायक्लोनपाशी आलो. सायक्लोन २६ जून १९२७ रोजी सुरू झाली. पोलादी सांगाडा, वर लाकडी मार्ग, पहिला उतार ८५ फुटांचा आणि जवळजवळ ६० अंशांचा, वेग ताशी ६० मैल, एका गाडीत २४ माणसं, सगळा खेळ दोन मिनिटांच्या आत आटोपतो. १९७० नंतरच्या दशकात ती पाडायचं घाटत होतं, कारण शेजारच्या मत्स्यालयाला जागा हवी होती. लोकांनी विरोध केला, डागडुजी झाली आणि १९७५ साली ती पुन्हा धावू लागली. १९८८ साली शहरानं आणि १९९१ साली सरकारनं तिला ऐतिहासिक वास्तू ठरवलं. जिथे जिथे लाकूड कुजतं तिथे नवं घालत आले आहेत. मूळचं किती उरलं असेल देव जाणे. पण सगळे नट बदलले तरी आपण संगीत मंडळीला त्याच नावानं ओळखतो, तसंच हे.

“चला,” भाचा म्हणाला.

मी म्हणालो, “तुम्ही दोघं जा. पिशव्या कोण सांभाळणार?”

हे वाक्य माझ्या तोंडात तयार असतं. १९९० साली आम्ही मुलांना घेऊन गोराईच्या एस्सेल वर्ल्डला गेलो होतो. ते १९८९ साली सुरू झालेलं, तेव्हा अगदी नवंकोरं. हा भाचाही सुटीसाठी सांगलीहून आलेला, बारा वर्षांचा होता. होडीतून खाडी ओलांडताना मुलं नुसती उसळत होती. आत गेल्यावर ही म्हणाली, “अहो, चला ना, एकदा बसू.” मी म्हणालो, “पिशव्या कोण सांभाळणार?” आणि दिवसभर एका बाकावर बसून पिशव्या सांभाळल्या. ही पोरांबरोबर दोनदा बसली आणि तिसऱ्यांदा माझ्याशेजारी येऊन बसली. पुन्हा जाऊ, पुन्हा जाऊ म्हणता म्हणता मुलं मोठी झाली. २०२२ साली एस्सेल वर्ल्ड बंदच झालं. कुठल्या नाटकात कुणी कितवा वन्समोअर घेतला, हे आपल्याकडे छापलेलं सापडतं. पण जिथे अख्ख्या मुंबईची पोरं एकदा तरी ओरडून आली, त्या जागेची बखर काही माझ्या वाचनात नाही. मी लिहावी म्हटलं, तर मला फक्त बाक आठवतो.

भाच्यानं काही न बोलता खांद्यावरची जुनी वही काढली आणि पहिलं पान उघडून माझ्यापुढे धरलं. शाळकरी अक्षरात लिहिलं होतं: ‘एस्सेल वर्ल्ड. मे १९९०. ऊन. मामी दोनदा बसली. मामा बाकावर. पिशव्या ७.’

मग माझ्या हातातली पिशवी घेऊन म्हणाला, “मी सांभाळतो. तुम्ही दोघं मागच्या डब्यात बसा.” ज्या माणसानं या दोन मिनिटांसाठी आठवडाभर हवामान पाहिलं होतं, तो पिशवी घेऊन कठड्यापाशी उभा राहिला.

आता परीक्षण.

आरंभ उत्तम. साखळी गाडीला वर ओढत असते आणि खालून कट् कट् कट् असा ठेका ऐकू येतो. गाडी मागे घसरू नये म्हणून बसवलेल्या खटक्याचा तो आवाज. म्हणजे माणूस ज्या आवाजाला घाबरतो, तोच त्याला सांभाळत असतो. माथ्यावरून समुद्र दिसतो, पण तो पाहण्याच्या मनःस्थितीत कुणी नसतं.

मांडणीत मोठा दोष वाटतो तो असा, की उत्कर्षबिंदू पहिल्याच अंकात येतो. पण गाडीला इंजिन नसतं. पहिल्या चढावर जे पदरात पडलं, त्यावर शेवटपर्यंत भागवायचं, म्हणून पुढचा प्रत्येक चढ आधीपेक्षा बुटका. पेन्शनर माणसाला हे लगेच पटतं. चाकंही तीन तऱ्हांची. एक रुळावर, एक बाजूला, एक रुळाखाली. गाडी उडू पाहते तेव्हा खालचं चाक तिला धरून ठेवतं. संसारात हे काम कोण करतं, ते सांगून मी घरात वाद ओढवून घेणार नाही.

दोष: मणक्यांविषयी पूर्ण अनास्था. मध्यंतर नाही. भाषा एकच, आणि तीही सौभाग्यवतींनी माझ्या कानात वापरलेली. १९४८ साली वाचा गेलेला एक खाणकामगार या गाडीत बसून किंचाळला आणि उतरल्यावर ‘मला मळमळतंय’ असं बोलू लागला, अशी भाविकांत कथा आहे. आमच्या बाबतीत उलट झालं. चाळीस वर्षं अखंड बोलणारे आम्ही दोघं उतरल्यावर पाच मिनिटं गप्प होतो. फक्त हिनं माझा दंड सोडला नव्हता.

“मजा आली का?” भाच्यानं विचारलं. हा प्रश्न किती गैर आहे, ते मला आता कळलं.

त्यानं वहीत लिहिलं. मी डोकावून पाहिलं. ‘सायक्लोन. ऊन. मामा-मामी मागच्या डब्यात. पिशवी १, माझ्याकडे.’

माझ्या परीक्षणापेक्षा ते चांगलं उतरलं आहे. पण मी लिहिलं आहे, तेव्हा छापावं ही विनंती. या खेपेलाही तिकीट काढूनच बसलो होतो.