खुर्ची, कंदील आणि बसण्याचा प्रश्न

मराठीत कवितेची समीक्षा आहे, नाटकाची आहे, गाण्याची आहे, खुर्चीची नाही. ज्या वस्तूवर माणूस दिवसाचे आठ तास काढतो, तिच्याविषयी 'आरामदायी' आणि 'टिकाऊ' या दोन विशेषणांपलीकडे आपण जात नाही. ही रिकामी जागा अलीकडे डिझाइनचे विद्यार्थी भरू पाहतात. फर्निचर, दिवे, रोजच्या वापरातल्या वस्तू यांवर ते मनापासून बोलतात. घराण्याचा गवय्या गुरूचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो, तशा भक्तीने ते ईम्स, नोगुची, हेनिंगसेन ही नावे घेतात. हा उत्साह मला आवडतो. मात्र तो कशातून घडला आहे, हे तपासायला हवे.

हा विद्यार्थी खडवलीचा आहे असे धरू. टिटवाळा आणि वाशिंद यांच्या मधले, भातसा नदीकाठचे, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे 72 किलोमीटरवरचे हे स्टेशन. अर्धे गाव, अर्धे उपनगर. अशा ठिकाणच्या घरात वस्तूंच्या तीन पिढ्या एकत्र नांदतात: फळीवर ठेवलेला पाट, लग्नात आलेले 'गोदरेजचे कपाट' (कंपनी कोणतीही असो, लोखंडी कपाटाचे मराठी नाव हेच) आणि एकात एक रचून ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. विद्यार्थ्याने ज्यांच्यावर प्रेम केले त्या वस्तू मात्र यांपैकी नव्हेत. त्या त्याने छायाचित्रांत पाहिल्या. छायाचित्रातल्या खुर्चीवर बहुधा कोणी बसलेले नसते. छायाचित्रातल्या दिव्याची वायर दिसत नाही, त्याच्यावर पाल नसते, महिन्याचे बिल नसते. वापरणारा माणूस वगळला की वस्तू शिल्प होते आणि शिल्पावर प्रेम करणे सोपे असते.

गंमत अशी की ज्यांच्या नावाने हा उत्साह चालतो, त्यांनीच याच्या उलट सांगून ठेवले आहे. 1958 साली चार्ल्स आणि रे ईम्स यांनी भारत सरकारला एक अहवाल दिला. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था 1961 साली उभी राहिली ती त्याच्या आधारावर. त्या अहवालात सर्वांत मोठा मान मिळाला आहे तो आपल्या लोट्याला. ईम्स त्याचे नुसते कौतुक करत नाहीत, प्रश्न विचारतात. किती पाणी मावते? भरल्यावर आणि रिकामा असताना तोल कुठे जातो? डोक्यावर, कमरेवर, हातात कसा धरतात? ओतताना धार कशी पडते? घासायला सोपा आहे का? किंमत काय, आणि मोडीत काय मिळेल? हे प्रश्न म्हणजे वस्तुसमीक्षेचा पाया होय. आमच्या विद्यार्थ्याने त्या अहवालातला लोटा लक्षात ठेवला, प्रश्न विसरले.

पवईच्या आयआयटीतले इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर 1969 साली सुरू झाले. ते उभारणारे सुधाकर नाडकर्णी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून जर्मनीतल्या उल्मच्या डिझाइन शाळेत जाऊन आलेले. त्या उल्मच्या शाळेसाठी माक्स बिल आणि हान्स गुगेलोट यांनी 1954 च्या सुमारास केलेले एक स्टूल प्रसिद्ध आहे. तीन फळ्या आणि एक गोल दांडा, एवढेच. त्यावर बसायचे, आडवे करून उंची बदलायची, टेबलावर ठेवून व्याख्यानाचे टिपण ठेवायचे, उलटे करून त्यातून पुस्तके न्यायची. डिझाइनचे विद्यार्थी या स्टुलावर भरभरून बोलतात, आणि ते बोलण्याजोगे आहेच. पण आपला पाट बघा. एक फळी, खाली दोन आडव्या पट्ट्या. जेवताना बसायला, सणाला देव मांडायला, मुलीला न्हाऊ घालायला, आणि काम झाले की भिंतीला उभा. या दोन वस्तू शेजारी ठेवून कोणी विद्यार्थ्याने निबंध लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही. पाट श्रेष्ठ आहे असे मला म्हणायचे नाही. गुडघे दुखणाऱ्या आजीला तो छळतोच. तुलना झाली असती तर हेही कळले असते.

दिव्यांच्या बाबतीत मामला जास्त गुंतागुंतीचा आहे. डेन्मार्कच्या पाउल हेनिंगसेन यांनी 1920 च्या दशकात दिवा केला तो तीन छत्र्यांचा. कुठूनही पाहिले तरी बल्ब डोळ्यांत जाऊ नये, उजेड मात्र टेबलावर पडावा. हे वाचून आलेला विद्यार्थी घरी येतो आणि भिंतीवरच्या उघड्या ट्यूबलाइटकडे तुच्छतेने पाहतो. त्याला 2700 केल्व्हिनचा पिवळसर उजेड हवा, घरच्यांना 6500 चा पांढराफटक. घरच्यांना अभिरुची नाही, असा निष्कर्ष तो काढतो. माझे मत वेगळे आहे. ज्या पिढीने चिमणीच्या उजेडात अभ्यास केला आणि 2005 च्या आसपासचे भारनियमन सोसले, तिला मंद पिवळा प्रकाश म्हणजे वीज नसणे. पांढरा उजेड म्हणजे वीज आली, तांदळातला खडा दिसला, मुलाला पुस्तक दिसले. ही अभिरुचीच आहे, फक्त तिला इतिहास आहे. हेनिंगसेनचा आक्षेप तरीही खरा ठरतो: उघडी नळी डोळ्यांना बोचते. रंग पांढरा ठेवून बोच काढणारा स्वस्त दिवा कोणी केला, तर ते खडवलीसाठी केलेले डिझाइन होईल.

आणि दिवाळीच्या तोंडावर कंदिलाचे काय? आपल्या घरात स्वतः हाताने घडवला जाणारा दिवा हा एकच. त्याच्या अनेक घडणींपैकी एक साधी घडण पाहू. बांबूच्या सारख्या चोवीस कामट्या, त्यांचे सहा चौकोन, आणि चौकोन कोपऱ्याला कोपरा लावून बांधले की मधले आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. भूमितीत या आकाराला लांबलचक नाव आहे. दोरा आणि खळ घेऊन बसलेल्या पोराला त्याची गरज पडत नाही. साध्या बल्बच्या काळात कंदील वर-खाली उघडा ठेवावा लागे, नाहीतर पतंगी कागद करपायचा. एलईडी आला, उष्णता कमी झाली, आणि आकाराला मोकळीक मिळाली. त्या मोकळिकीचा उपयोग आपण काय केला? घडी उलगडली की तयार होणारे प्लास्टिकचे कंदील आणले.

इथे नोगुचीचे उदाहरण उपयोगी पडते. इसामु नोगुची हा जपानी-अमेरिकी शिल्पकार 1951 साली जपानमधल्या गिफू गावी गेला. तिथला कागदी कंदिलांचा धंदा उतरणीला लागला होता. त्याने बांबूच्या काड्या आणि तुतीच्या सालीचा कागद तोच ठेवला, आत विजेचा दिवा घातला आणि आकार बदलले. 'अकारी' नावाचे ते दिवे आजही गिफूतच हाताने होतात आणि घडी करून जगभर जातात. आमचा विद्यार्थी अकारीवर जीव टाकतो. माहीमच्या कंदील गल्लीतून मात्र वर्षातून एकदा, खरेदीपुरता जातो. नोगुचीकडून शिकण्यासारखे आकारात फारसे नाही. कारागिराच्या हाताला बारा महिने काम राहील अशी वस्तू त्याने शोधली. आपला कंदील पंधरा दिवसांचा आहे. उरलेल्या साडेअकरा महिन्यांसाठी त्याच कामट्यांचा, त्याच हातांचा दिवा कसा असेल, हा प्रश्न पदविकेच्या प्रकल्पाला पुरून उरेल.

आता खुर्ची. हा शब्द अरबी 'कुर्सी'वरून फारसीमार्गे आपल्याकडे आला. पाट आणि चौरंग घरचे, खुर्ची दरबारची. म्हणूनच मराठीत खुर्ची 'मिळते', 'जाते', 'टिकते'. गावात ती मास्तरांना, तलाठ्याला, पाहुण्याला दिली जाई. घरातली सून तिच्यावर बसत नसे आणि काही जातींच्या माणसांनी तिच्याकडे पाहायचेही नसे. हा इतिहास मोडायला नेमकी कोणती खुर्ची कारणीभूत ठरली? माझ्या मते प्लास्टिकची. एका साच्यात, एका तुकड्यात ओतलेली ही खुर्ची. तिचा प्रसिद्ध पूर्वज म्हणजे फ्रान्समध्ये आंरी मासोने याने 1972 साली केलेला 'फोतय 300'. डिझाइनचे विद्यार्थी तिला कुरूप म्हणतात. ईम्सचे प्रश्न तिला विचारून पाहा. हलकी आहे, पावसात राहते, धुता येते, पन्नास खुर्च्या एका टेम्पोत मावतात. पाय तिरके होऊन ती फाटते आणि दुरुस्त होत नाही, हा तिचा मोठा दोष. पण बारशाच्या मांडवात सगळ्यांना एकसारखी खुर्ची मिळाली ती हिच्यामुळे. चंदीगडच्या कारकुनांसाठी पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली केलेल्या साग आणि वेताच्या खुर्च्या आज परदेशी लिलावांत लाखांनी विकल्या जातात. ती कीर्ती तिला लाभणार नाही.

बसण्याचा प्रश्न मात्र खुर्ची स्वस्त झाल्याने सुटत नाही. आमचा विद्यार्थी कसाऱ्याच्या लोकलने रोज जातो. सेकंड क्लासचे बाकडे काढणाऱ्याने तीन माणसांचा विचार केला. 'चौथी सीट' प्रवाशांनी निर्माण केली. अर्ध्या मांडीवर बसण्याची ही सोय कोणाच्याही कागदावर नव्हती. त्याच गाडीतून फर्निचरच्या शोरूममध्ये कामाला जाणाऱ्या मुलीही जातात. तिथे पन्नास सोफे मांडलेले असतात आणि विक्रेत्याने गिऱ्हाइकासमोर दिवसभर उभे राहायचे असते. केरळमध्ये कोझिकोडच्या दुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांनी याच गोष्टीसाठी लढा दिला, आणि 2018 साली तिथल्या दुकाने व आस्थापना कायद्यात बसण्याच्या सोयीची तरतूद झाली. तमिळनाडूने 2021 साली तसाच कायदा केला. कायदा 'बसण्याची सोय' एवढेच म्हणतो. ते आसन किती उंच असावे, गल्ल्यामागच्या दीड फुटांत कसे मावावे, गिऱ्हाईक आले की चटकन उठता येईल आणि गेले की टेकता येईल असे त्याचे रूप काय, हे कायद्यात लिहिलेले नाही. ते कोणीतरी काढायचे आहे.