अमोनिया हवेपेक्षा हलका, पण केव्हा?

शालेय रसायनशास्त्राच्या पुस्तकांत अमोनियाची ओळख पिढ्यान् पिढ्या एकाच साच्यात होत आली आहे. रंगहीन, उग्र वासाचा, हवेपेक्षा हलका, पाण्यात अतिशय विद्राव्य. नवसागर आणि विरलेला चुना एकत्र तापवायचा, उलट्या धरलेल्या वायुपात्रात वायू गोळा करायचा, ओला तांबडा लिटमस निळा होतो हे दाखवायचे, आणि वेळ असेल तर कारंजाचा प्रयोग. शेवटी ‘उपयोग’ या मथळ्याखाली आधी खते, मग ‘बर्फाचे कारखाने व शीतगृहे’ एवढे चार शब्द. या मांडणीतले एकही विधान खोटे नाही. आमची तक्रार अशी की ती विधाने अर्धवट आहेत, आणि ज्या दिवशी त्यांचा खरा उपयोग व्हायचा, त्याच दिवशी ती दगा देतील.

कन्हानचे उदाहरण घेऊ. नागपूरहून कामठी ओलांडून जबलपूरच्या रस्त्याने निघाले की नदीचा पूल लागतो आणि पलीकडे हे गाव. नागपूरच्या या सगळ्या परिसरात मिरची, संत्री, बटाटे असा माल शीतगृहांत राहतो. इथल्या एखाद्या वर्गात शीतगृहात हमाली करणाऱ्याची किंवा तिथले यंत्र चालवणाऱ्याची मुलगी बसलेली असणे अगदी शक्य आहे. ‘अमोनिया हवेपेक्षा हलका’ हे वाक्य पाठ करून ती कोणता निष्कर्ष काढील? गळती झालीच तर वायू वर निघून जाईल, आपण खाली वाकून बसलो की सुटलो, असाच ना? निष्कर्ष तर्काला धरून आहे. पण गळती द्रवाची असेल तर तो जिवावर बेतू शकतो.

असे का, ते समजायला शीतगृहाच्या यंत्रात डोकवावे लागेल. अमोनिया उणे ३३ अंश सेल्सियसला उकळतो. एक किलो द्रवाची वाफ होताना तो सुमारे १३७० किलोज्यूल उष्णता आजूबाजूने ओढून घेतो. खोलीतील नळ्यांत तो उकळतो आणि खोली गार होते. ती वाफ कॉम्प्रेसर दाबतो, कंडेन्सरमध्ये पाण्याने किंवा हवेने तिची उष्णता काढून घेतली जाते, वाफेचा पुन्हा द्रव होतो आणि रिसीव्हर नावाच्या टाकीत साठतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात हा द्रव ४० अंशांवर असेल, तर टाकीतला दाब वातावरणाच्या दाबाच्या पंधरा पटींहून थोडा जास्तच असतो.

म्हणजे एकाच यंत्रात अमोनिया दोन रूपांत फिरतो. वाफेच्या नळीला भोक पडले, तर बाहेर येणारा वायू पुस्तकात म्हटल्याप्रमाणे वर जाऊन छताशी साठतो. तिथे त्याचे हवेतले प्रमाण १५ ते २८ टक्के झाले आणि ठिणगी मिळाली, तर तो पेटतोही. म्हणून हवा बाहेर टाकणारे पंखे उंचावर हवेत. पण द्रवाची नळी फुटली तर? ३० अंशांचा द्रव बाहेर येताक्षणी उकळू लागतो. त्याला उणे ३३ अंशांपर्यंत, म्हणजे ६३ अंश थंड व्हायचे असते. किलोमागे दर अंशाला सुमारे ४.७ किलोज्यूल धरले, तर सुमारे ३०० किलोज्यूल उष्णता सुटते. तिला १३७० ने भागा. फक्त एक पंचमांशाच्या आसपास द्रवाची लगेच वाफ होते! उरलेल्यातला बराच भाग बारीक थेंबांच्या रूपाने हवेत उडतो. हे थेंब हवेत विरताना हवेलाच गारठवतात, हवेतल्या बाष्पाचे धुके होते, आणि थंड हवा, थेंब व धुके यांचा हा पांढरा लोट भोवतालच्या हवेपेक्षा जड होऊन जमिनीलगत सरकतो. नुसती अमोनियाची वाफ उणे ३३ अंशांनाही हवेपेक्षा हलकीच असते. लोट जड होतो तो थेंबांमुळे आणि त्यांनी गार केलेल्या हवेमुळे.

मुलांना हे अवघड जाईल असे कुणी म्हणेल. पण आइस्क्रीमच्या दुकानातला फ्रीझर उघडला की पांढरे धुके खाली ओघळते, हे प्रत्येक मुलाने पाहिलेले असते. आता फळ्यावर तीन आकडे लिहा : हवेचा सरासरी रेणुभार २९, पाण्याचा १८, अमोनियाचा १७. पाण्याची वाफही हवेपेक्षा हलकीच, तरी धुके खाली का आले? एवढा एक प्रश्न वर्गात चर्चेला टाकला, तर ‘हलका’ या शब्दापुढे ‘कोणत्या तापमानाला, कोणत्या अवस्थेत’ हे शब्द मुले स्वतःच जोडतील.

प्रत्यक्षातले दाखलेही आहेत. ११ मे १९७६ रोजी अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात द्रव अमोनिया नेणारे वाहन उड्डाणपुलावरून खाली कोसळले. पांढरा लोट जमिनीलगत वाऱ्याबरोबर पसरला आणि माणसे दगावली. आपल्याकडे जून २०१५ मध्ये लुधियानाजवळ दोराहा येथे अमोनियाचा टँकर पुलाखाली अडकून गळती झाली, तेव्हाही लोकांचे प्राण गेले. या दोन्ही घटना टँकरच्या आहेत, पण द्रवाचे वागणे शीतगृहातही तेच असते.

‘पाण्यात अतिशय विद्राव्य’ हे दुसरे विधान. नेहमीच्या तापमानाला एक लिटर पाण्यात सुमारे सातशे लिटर अमोनिया वायू विरघळतो. कारंजाचा प्रयोग त्यामुळेच जमतो. लोटावर पाण्याचे तुषार मारून वायू खाली पाडता येतो, डोळ्यांत गेल्यास निदान पंधरा मिनिटे पाण्याने धूत राहणे हाच पहिला उपचार ठरतो, आणि पळताना ओले फडके नाकाशी धरल्याने थोडी मदत होते, तीही त्यामुळेच. पण ‘विद्राव्य आहे ना, मग ओता पाणी’ असे म्हणून सांडलेल्या द्रवाच्या थारोळ्यावर पाणी ओतले तर? अमोनिया पाण्यात मिसळताना उष्णता बाहेर पडते, पाणी स्वतःही द्रवापेक्षा कितीतरी गरम असते, आणि थारोळे आणखी जोराने उकळू लागते. शिवाय वापरलेले पाणी क्षारीय होऊन नाल्याने जिकडे जाईल तिथले मासे मारते. कन्हान नदीतून नागपूरला पिण्याचे पाणी जाते, हे लक्षात घेतले म्हणजे ‘विद्राव्य’ या शब्दाचे ओझे कळते.

घनतेचा आणखी एक धडा पुस्तकांनी हातचा घालवला आहे. तेल पाण्यावर तरंगते, हे आपण शिकवतो. शीतयंत्रात कॉम्प्रेसरचे वंगणतेल अमोनियाबरोबर वाहत जाते. द्रव अमोनियाची घनता पाण्याच्या सुमारे दोन तृतीयांश, म्हणून इथे तेल तळाशी बसते आणि अधूनमधून खालच्या व्हॉल्व्हमधून काढावे लागते. तेल संपले की त्याच वाटेने द्रव अमोनिया उसळतो. हे काम शीतगृहातल्या धोक्याच्या कामांपैकी आहे. हात सोडताच स्प्रिंगने आपोआप मिटणारा व्हॉल्व्ह हवा, आणि काम चालू असेपर्यंत माणसाने तिथून हलता कामा नये. दोन द्रवांच्या थरांचे यापेक्षा बोलके उदाहरण कोणते?

मग अमोनिया वाईट का? तसे चित्र रंगवणेही चूकच. तो ओझोनच्या थराला धक्का लावत नाही आणि पृथ्वीच्या तापमानवाढीतही त्याचा वाटा जवळपास शून्य असतो. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर कित्येक शीतके मागे पडली, अमोनिया टिकून आहे. त्याचा उग्र वास हा तर फुकटचा पहारेकरी. दशलक्षात ३०० भाग हे प्रमाण जिवाला तातडीचा धोका मानले जाते, पण नाकाला वास त्याच्या कितीतरी आधी कळतो. मात्र सवयीने नाक बोथट होते, त्यामुळे ‘इथे असा वास येतच असतो’ असे म्हणून सोडून देणे हाच धोका. गळती शोधायला ओला लिटमस कागद चालतो, म्हणजे आपल्या प्रयोगशाळेतली पट्टी कारखान्यातही उपयोगी पडते. हे तरी पुस्तकात एका ओळीत यायला काय हरकत आहे?

पुस्तक बदलेल तेव्हा बदलेल. तोवर शिक्षकांनी अमोनियाच्या धड्याला अर्धा तास जोडावा, असे आम्ही सुचवतो. फ्रीझरचे धुके, ३०० भागिले १३७० हे गणित, तळाशी बसणारे तेल. आणि वहीत लिहून घ्यायच्या चार ओळी : पांढरा लोट दिसला तर त्याच्यातून पळू नये. वारा कुठून येतो ते पाहून आधी वाऱ्याला आडवे, मग वाऱ्याच्या उगमाकडे जावे. खोलगट जागी, नाल्यात किंवा तळघरात लपू नये. बाहेर पडणे शक्यच नसेल तर दारे-खिडक्या लावून फटींत ओले कापड कोंबावे.

परीक्षेत ‘अमोनिया हवेपेक्षा हलका आहे, चूक की बरोबर?’ असा प्रश्न येत राहील, आणि ‘बरोबर’ लिहिणाऱ्याला गुण मिळतील. ते मिळू द्यावेत. पण त्याखाली ‘केव्हा?’ असे विचारून त्यालाही गुण ठेवणारा शिक्षक कन्हानच्या त्या मुलीला, आणि तिच्या तोंडून तिच्या घरच्यांना, उपयोगी पडेल असे रसायनशास्त्र शिकवत असेल.