दगडावरून धातू वाचताना

सुलतानगंजच्या बुद्धावर ‘सारनाथ शैली’चा शिक्का मारून मोकळं होणं मला पटत नाही. १८६१च्या सुमारास बिहारमध्ये रेल्वेचं काम चालू असताना सापडलेली, सुमारे २.३ मीटर उंच, ५०० किलोहून जड अशी ही तांब्याची मूर्ती आज बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात आहे. काळ सहावं-सातवं शतक. फोटो झूम करून बघा. अंगाला चिकटलेलं, आरपार वाटणारं चीवर सारनाथचंच. पण सारनाथच्या दगडात ते गुळगुळीत असतं. इथे बारीक चुण्या आहेत, आणि चुण्या ही तर मथुरेची सवय!

खरी अडचण पुराव्याची आहे. धातूच्या कितीतरी मूर्ती वितळवल्या गेल्या, दगड उरला. म्हणून बाण नेहमी दगडाकडून धातूकडेच काढला जातो. पण ओतीव मूर्ती आधी मेणात घडते. मेण बोटाने दाबता येतं, रेषा पुसून पुन्हा ओढता येते. चीवराची ती पातळ कड आधीच्या, आज नसलेल्या मूर्तींच्या मेणात सुचली आणि दगडाने ती मागून उचलली, असंही असू शकतं.

छोट्या मूर्ती यात्रेकरूंच्या झोळीतून कुठेही जात. ही अर्ध्या टनाची. तिचे ओतारी गंगेकाठी तिथेच असणार, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर सारनाथ आणि मथुरा दोन्ही असावेत.