टाळ्या हा पुरावा असतो का? ‘हॅरी अँड द पॉटर्स’च्या निमित्ताने

समजा, तुमचा एक छोटासा बँड आहे. तुमच्या भागाबाहेर फारसं कुणी ओळखत नाही. आणि तुम्हाला एका फॅन कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे एकाच पुस्तकाने वेड लावलेल्या चाहत्यांच्या संमेलनात, वाजवायला बोलावलंय. तुम्ही कोणती गाणी निवडाल? अर्थातच ज्यातला प्रत्येक संदर्भ समोरच्यांना तोंडपाठ आहे, अशी. टाळ्या पडणारच. पण त्या टाळ्यांवरून गाणं चांगलं आहे, असा निष्कर्ष काढता येईल का?

संशोधनाच्या तयारीत असलेल्या प्रत्येकाने या प्रश्नाशी एकदा तरी झटापट करावी. त्यासाठी एक खरा बँड घेऊ.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात नॉरवुड नावाचं गाव आहे. तिथल्या पॉल आणि जो डीजॉर्ज या भावांनी 2002 मध्ये ‘हॅरी अँड द पॉटर्स’ सुरू केला. सुरुवात घरच्या परसातली. ठरलेले बँड आले नाहीत म्हणून दोघांनी घाईघाईत काही गाणी रचली आणि मोजक्या श्रोत्यांसमोर वाजवली. दोघेही स्टेजवर हॅरी पॉटरच असतात, एक चौथ्या वर्षातला आणि एक सातव्या. पांढरा शर्ट, टाय, गिटार, कीबोर्ड. पुढे याच वाटेने इतके बँड आले की ‘विझर्ड रॉक’ असा प्रकारच तयार झाला आणि हॅरी पॉटरच्या संमेलनांमध्ये अशा मैफली रुळल्या.

आता संगीताबद्दल. चाली सोप्या, सूर जागोजागी निसटणारे, गाणी छोटी. हे कौशल्य नसल्यामुळे आहे असं कुणी म्हणेल, पण मला ते पटत नाही. शाळकरी मुलाचा राग, त्याची घाई, त्याचं प्रेमात बावचळणं हे गुळगुळीत आवाजात आलं असतं तर खोटं वाटलं असतं. कच्चेपणा इथे शोभतो.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती दोन गाण्यांत नीट दिसते. 2003 च्या पहिल्या अल्बममध्ये ‘सेव्ह जिनी वीझली’ आहे. एक मुलगी संकटात आहे, तिला सोडवायचंय. पुस्तक न वाचलेल्यालाही एवढं कळतं आणि पुरतं. 2006 च्या अल्बममध्ये त्याचंच भावंड येतं: ‘सेव्ह जिनी वीझली फ्रॉम डीन थॉमस’. आता संकट म्हणजे राक्षसी साप नाही, जिनीचा बॉयफ्रेंड! विनोद झकास आहे. पण तो कळायला पहिलं गाणं आठवावं लागतं, शिवाय सहावं पुस्तक वाचलेलं असावं लागतं. संमेलनात हे गाणं बाजी मारेल. पुस्तक काढून घ्या, मग बघा किती उरतं. फार थोडं.

यालाच आपण नमुना-निवडीचा दोष म्हणतो. संमेलनात आलेला माणूस तिकीट काढतानाच ‘हो’ म्हणून आलेला असतो. त्याच्या टाळीत गाण्याचा वाटा किती आणि पुस्तकावरच्या प्रेमाचा किती, हे त्या सभागृहात वेगळं काढताच येत नाही.

गंमत म्हणजे या बँडने नकळत दुसरा प्रयोगही करून ठेवलाय. ते वर्षानुवर्षं सार्वजनिक वाचनालयांमध्ये वाजवत आले. तिथेही चाहती मुलं येतातच, म्हणजे हा काही आदर्श कंट्रोल ग्रुप नाही. पण मुलांना घेऊन आलेले आईबाप असतात, पेपर वाचायला आलेले आजोबा असतात. त्यांना डीन थॉमस कोण, याच्याशी देणंघेणं नाही. माझ्या मते बँडची उत्तम गाणी अशा श्रोत्यापुढेही उभी राहतील अशी आहेत, आणि मधली बरीचशी म्हणजे कथानकाचा चालीवर बसवलेला सारांश आहे.

यावर तुम्ही म्हणाल, ओळखीचा आनंद हाही आनंदच ना? मान्य. अनोळखी पाचशे माणसं एकत्र गाऊ लागतात, ही छोटी गोष्ट नाही. पण ‘हे गाणं माणसांना जोडतं’ आणि ‘हे गाणं सकस आहे’ हे दोन स्वतंत्र दावे आहेत. टाळ्या पहिल्याचा पुरावा आहेत, दुसऱ्याचा नाहीत.

हा फरक नुसता पुस्तकी नाही. 2020 मध्ये ट्रान्स व्यक्तींबद्दलच्या विधानांमुळे जे. के. रोलिंग आणि त्यांच्या चाहत्यांचा मोठा गट यांच्यात दरी पडली. मूळ पुस्तकावरचं प्रेमच दुखावलं गेलं, तर फक्त त्याच्या जोरावर उभं असलेलं गाणं कशावर उभं राहणार? याउलट या बँडचा 2019 चा ‘लुमोस’ अल्बम घ्या. त्यातल्या एका गाण्याचं लांबलचक शीर्षक आहे, अर्थ साधारण असा: हुकूमशाहीत माध्यमसाक्षरतेचं महत्त्व. विषय जादूच्या दुनियेतून उचललेला, पण वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही भिडेल असा. हे गाणं लेखिकेच्या पुढेही चालू शकतं.

तेव्हा बँडला माझा सल्ला असा: संमेलनाची तयारी जरूर करा, पण तालमीला एक तरी असा श्रोता बसवा ज्याने पुस्तक उघडलेलंही नाही. तो कुठे मान डोलावतो आणि कुठे मोबाईल काढतो, ते टिपून ठेवा.

आणि तुम्हाला? आपल्याच लॅबचा सेमिनार म्हणजे आपलं फॅन कन्व्हेन्शन. तिथे सगळ्यांना संक्षेप पाठ, गृहीतकं मान्य, माना डोलतात. पुढचं प्रेझेंटेशन आधी शेजारच्या विभागातल्या कुणाला तरी ऐकवा. ‘पण हे खरं कशावरून?’ असं त्याने विचारलं, की तुमची खरी तालीम सुरू झाली समजा.