स्थानिक नभोवाणीचे स्थानिकपण : महाराष्ट्रातील सद्यःस्थिती आणि भवितव्य

प्रास्ताविक

'स्थानिक नभोवाणी' ही संज्ञा आज महाराष्ट्रात तीन भिन्न व्यवस्थांसाठी वापरली जाते : आकाशवाणीची जिल्हा पातळीवरील केंद्रे, खाजगी एफ.एम. वाहिन्या आणि सामुदायिक रेडिओ. तिन्हींची मालकी, अर्थकारण आणि नियम वेगवेगळे आहेत. या क्षेत्राच्या प्रगतीचे गमक म्हणून प्रक्षेपक, वाहिन्या आणि शहरे यांच्या वाढत्या संख्येकडे बोट दाखविले जाते. परंतु केंद्र ज्या गावात उभे आहे त्या गावाविषयी ते काय बोलते आणि काय बोलू शकत नाही, हा प्रश्न या आकडेवारीत मागे पडतो. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाच्या अनुषंगाने तिन्ही व्यवस्थांची चिकित्सा केली आहे.

पुणे केंद्राचा वस्तुपाठ

या चिकित्सेचा निकष शोधण्यासाठी महाराष्ट्राबाहेर जाण्याची गरज नाही. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत शेतकरी श्रोतामंडळांचा प्रयोग केला. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत; पुढील कार्यक्रमांतून त्यांची उत्तरे दिली जात. पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाचे मूल्यमापन केले. श्रोतामंडळे असलेल्या गावांत माहितीची जी लक्षणीय वाढ आढळली, ती केवळ रेडिओ संच असलेल्या गावांत आढळली नाही. ध्वनिलहरी गावापर्यंत पोहोचणे आणि गावाचे म्हणणे केंद्रापर्यंत पोहोचणे या दोन गोष्टी एकत्र आल्या तरच माध्यम परिणामकारक ठरते, असा या प्रयोगाचा अर्थ लावता येतो.

आकाशवाणी : प्रक्षेपक वाढले, निर्मितीचे काय?

देशातील पहिले स्थानिक नभोवाणी केंद्र १९८४ मध्ये तामिळनाडूतील नागरकोईल येथे सुरू झाले. पुढे महाराष्ट्रातही सातारा, बीड, नांदेड, धुळे, यवतमाळ, चंद्रपूर अशा ठिकाणी केंद्रे निघाली. जिल्ह्यातील बोली, बाजारभाव, पीकपाणी, लोककलावंत आणि स्थानिक प्रश्न यांना हक्काचे स्थान मिळावे, ही त्यामागील मूळ कल्पना होती. तिच्या पूर्ततेसाठी कार्यक्रम अधिकारी, निवेदक आणि ध्वनिमुद्रणासाठी गावोगाव फिरणारा चमू आवश्यक असतो.

अलीकडील धोरणाचा भर मात्र प्रक्षेपणाच्या विस्तारावर आहे. एप्रिल २०२३ मध्ये देशातील ८४ जिल्ह्यांत १०० वॅट क्षमतेच्या ९१ एफ.एम. प्रक्षेपकांचे एकाच वेळी उद्घाटन झाले. दुर्गम भागाला स्पष्ट ध्वनी मिळाला, हे त्याचे श्रेय मान्य केलेच पाहिजे. तथापि, अन्य केंद्राचा कार्यक्रम सहक्षेपित करणारा प्रक्षेपक म्हणजे स्थानिक केंद्र नव्हे. त्याच वर्षी जून महिन्यात पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय झाला आणि तीव्र विरोधानंतर तो स्थगित करावा लागला. एकीकडे नवे मनोरे उभे राहत असताना दुसरीकडे चालू वृत्तविभागाच्या अस्तित्वासाठी श्रोत्यांना आवाज उठवावा लागतो, ही विसंगती धोरणाचा अग्रक्रम उघड करणारी आहे.

खाजगी वाहिन्या : व्यवसाय स्थानिक, आशय केंद्रीय

ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. त्यानंतर १९९९ च्या धोरणाने खाजगी एफ.एम. वाहिन्यांना वाट मोकळी झाली. पहिल्या टप्प्यात परवानाशुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढत असे. या ओझ्याखाली व्यवसाय तोट्यात गेला आणि २००५ च्या दुसऱ्या टप्प्यात ढोबळ उत्पन्नाच्या ४ टक्के वाट्याची पद्धत स्वीकारावी लागली. २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने लहान शहरांचा मार्ग खुला केला; त्याचबरोबर एकाच समूहाच्या वाहिन्यांना परस्परांचे कार्यक्रम प्रसारित करण्याची अधिक मोकळीकही दिली. लहान शहरातील जाहिरातींचे उत्पन्न तुटपुंजे असल्याने स्वतंत्र कार्यक्रमापेक्षा समूहाचा तयार कार्यक्रम स्वस्त पडतो. परिणामी शहर बदलले तरी गाणी, विनोद आणि निवेदनाची ढब एकसारखीच ऐकू येते.

याला केवळ व्यावसायिक लोभ कारणीभूत आहे असे मानणे अन्यायाचे होईल. खाजगी वाहिनीला स्वतःचे वृत्तसंकलन करण्यास मनाई आहे. आकाशवाणीच्या बातम्या बदल न करता देता येतात. वाहतूक, हवामान आणि स्थानिक प्रशासनाने पुरविलेल्या आपत्तीविषयक सूचना यांसारख्या काही बाबी या बंधनाबाहेर ठेवल्या आहेत. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली परिसरात महापूर आला, तेव्हा धरणांतून होणाऱ्या विसर्गाविषयी मोठा वाद झाला. अशा वेळी वाहिनी प्रशासनाची सूचना वाचू शकत होती. त्या वादाचा स्वतः शोध घेऊन वृत्त देण्याची मुभा तिला नव्हती. त्याच शहरातील वृत्तपत्राला मात्र ती होती. सुरक्षिततेचे कारण पुढे करून या निर्बंधाचे समर्थन केले जाते. परंतु चोवीस तास चालणाऱ्या दूरचित्रवाणी वृत्तवाहिन्यांना परवानगी असताना ते तर्काला धरून वाटत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०२३ मध्ये दर तासाला १० मिनिटांपर्यंत बातम्यांना अनुमती देण्याची शिफारस केली, ती या दृष्टीने महत्त्वाची आहे.

सामुदायिक रेडिओ : आशय आहे, आधार नाही

सामुदायिक रेडिओची दारे शैक्षणिक संस्थांसाठी २००२ मध्ये आणि स्वयंसेवी संस्थांसाठी २००६ मध्ये खुली झाली. पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी', बारामतीची 'वसुंधरा वाहिनी', म्हसवडची 'माणदेशी तरंग' ही महाराष्ट्रातील परिचित उदाहरणे होत. माणदेशासारख्या अवर्षणग्रस्त भागातील स्त्रिया आपल्या बोलीत पाणी, जनावरे आणि बचत यांविषयी बोलतात, तेव्हा श्रोतामंडळांच्या कल्पनेचेच नवे रूप दिसते. परंतु येथेही स्वतःच्या बातम्यांना मनाई आहे आणि प्रक्षेपणाची कक्षा काही किलोमीटरपुरती आहे. २०२४ मध्ये जाहिरातींची मर्यादा तासाला ७ वरून १२ मिनिटांपर्यंत वाढविण्यात आली. मात्र जेथे जाहिरातदारच मोजके आहेत, तेथे वाढीव मिनिटे रिकामीच राहण्याचा संभव अधिक.

समारोप

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांतील ७३० वाहिन्यांच्या लिलावास मंजुरी दिली. वरील विवेचन पाहता, केवळ संख्यावाढीने स्थानिक नभोवाणीचे भवितव्य सुरक्षित होईल असे म्हणता येत नाही. ज्याला स्वतःचे पैसे आहेत त्याला बातमीचा अधिकार नाही, ज्याला बातमीचा अधिकार आहे त्या आकाशवाणीत स्थानिक निर्मितीला अग्रक्रम नाही आणि ज्याच्याजवळ स्थानिक आवाज आहे त्याच्याजवळ दोन्ही नाहीत. गाण्यांसाठी श्रोत्याच्या हाती आता भ्रमणध्वनी आहे. आपल्या तालुक्याची खात्रीशीर खबर मात्र त्याला तेथे सहज मिळत नाही. रेडिओला टिकाव धरण्यासाठी उरलेली जागा हीच आहे.

म्हणून वृत्तप्रसारणावरील निर्बंध शिथिल करणे, आकाशवाणीच्या जिल्हा केंद्रांत निर्मितीची पदे भरणे आणि सामुदायिक केंद्रांना कार्यक्रमनिर्मितीसाठी नियमित अनुदान देणे, या तीन गोष्टींचा एकत्रित विचार व्हावयास हवा. या प्रश्नात महाविद्यालयेही केवळ निरीक्षक नाहीत. २००२ च्या धोरणाने पहिली संधी शैक्षणिक संस्थांनाच दिली होती. परिसरातील बोलीचे ध्वनिमुद्रण, पाणी आणि पिकांविषयीचे क्षेत्रकार्य, स्थानिक इतिहासाचे संकलन हे काम भाषा, भूगोल, इतिहास या विभागांत चालूच असते. ते अहवालांच्या कपाटातून बाहेर काढून ज्यांच्याविषयी ते केले, त्यांच्या कानांपर्यंत पोहोचविणे हे या संस्थांना आजही शक्य आहे.