खिशातला संजय

गेल्या दिवाळीच्या सुटीत पनवेलला आमच्या ओटीवर भाच्याने एक नवाच खेळ मांडला. पट नाही, सोंगट्या नाहीत. वीस पैलूंचा एक फासा, कागद-पेन्सिल आणि चार मित्रमैत्रिणी. एकाने सूत्रधार होऊन प्रसंग सांगावयाचा, बाकीच्यांनी एकेक पात्र घेऊन 'मी आता असे करतो' म्हणावयाचे. जमले की फसले, ते फासा ठरवणार. अमेरिकेत १९७४ साली निघालेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चे हे वंशज. मी तपासायच्या वह्या बाजूला सारल्या. दुसऱ्याची कथा अडखळताना पाहण्यात कादंबरीकाराला थोडा दुष्ट आनंद होतो, तो लपवण्यात अर्थ नाही.

कथा आजचीच होती. कर्नाळ्याच्या किल्ल्यावर गेलेला एक मित्र अंधार पडला तरी परतला नाही, म्हणून चौघे शोधावयास निघाले. पहिल्याच वळणावर एक मुलगी म्हणाली, "मी त्याला फोन करते." सूत्रधार गडबडला. "रेंज नाही!" दुसऱ्याने पोलिसांना कळवू म्हटले. "बॅटरी संपली!" तिसऱ्याचा फोन दरीत पडला. चौथ्याने हात जोडले, "माझा घरीच राहिला असे समज, बाबा!" सगळे हसले, आणि त्या हशात किल्ल्यावरची भीती विरून गेली.

हा दोष एकट्या भाच्याचा नाही. चुकलेले पत्र आणि उशिरा आलेली तार यांवर आम्हा कथाकारांनी पिढ्यान्‌पिढ्या गुजराण केली आहे. २०१३ च्या जुलैत तारसेवाच बंद झाली, आणि खिशातल्या फोनने आमची चुकामूकही पळवली. काही खेळ यावर काळच मागे नेतात. 'कॉल ऑफ कथुल्हू' हा १९८१ चा खेळ मुख्यतः १९२० नंतरच्या दशकात घडतो. हे मला प्रामाणिक वाटते, कारण खेळावयास बसतानाच सर्वांनी ते मान्य केलेले असते. पण काळ आजचा घ्यावयाचा आणि आजची वस्तू मात्र हातातून काढून घ्यावयाची, हा रडीचा डाव झाला. एका फोनची रेंज जाणे हा योगायोग. चारही फोन निकामी होणे हा सूत्रधाराचा आळस.

मुळात, बातमी लगेच कळली की कथा संपते, हे कोणी सांगितले? व्यासांनी संजयाला दिव्यदृष्टी दिली आणि रणांगणावरचे सारे धृतराष्ट्राच्या कानी येऊ लागले. त्याने त्या बापाचा घोर कमी झाला काय? अश्वत्थामा गेल्याची बातमी द्रोणांनी खुद्द धर्मराजाच्या तोंडून पडताळून घेतली, आणि तिनेच त्यांच्या हातची शस्त्रे गळाली. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्याभोवतीची 'ध'चा 'मा' झाल्याची आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. तिच्यात निरोप पोहोचला नाही म्हणून घात झालेला नाही. पोहोचला म्हणून झाला.

रात्री जेवताना मी भाच्याला एवढेच म्हटले, "अरे, फोन हिसकावू नकोस. वाजू दे."

"मग त्यांना सगळे कळेल ना, मामा!"

"कळू दे. खरे की खोटे, ते कसे कळणार?"

दुसऱ्या संध्याकाळी खेळ पुन्हा त्याच वळणावरून सुरू झाला. चौघांचे फोन चालू, रेंज उत्तम. हरवलेल्या मित्राच्याच नंबरावरून निरोप आला : 'मी घरी पोहोचलो. तुम्ही वर येऊ नका.' मुलांनी लगेच त्याच्या घरी फोन लावला. आई म्हणाली, "नाही रे, अजून आला नाही. तुमच्याबरोबरच आहे ना?"

फासा मध्येच पडून होता. त्याला कोणी हात लावला नाही. काल हात जोडणारा मुलगा हळूच म्हणाला, "आता काकूंना काय सांगायचे?"

ओटीवर कोणी हसले नाही. मीही वह्या उघडल्या नाहीत.