समेटाचा संसार : प्रायश्चित्तकाळात ‘स्मृतिचित्रे’ वाचताना

राखेच्या बुधवारी आपल्या कपाळी राख लागते आणि मत्तयच्या शुभवर्तमानातील सहाव्या अध्यायाचे वाचन होते. दान, प्रार्थना व उपवास या तिन्हींविषयी प्रभू येशू एकच इशारा देतो : हे लोकांच्या नजरेसाठी नसावे. त्याच डोंगरावरील प्रवचनात, एक अध्याय आधी, त्याने आणखी एक अट घातली आहे. अर्पण घेऊन वेदीपाशी आल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही सल आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवावे आणि आधी समेट करून यावे. प्रायश्चित्तकाळातील दानाचे लखोटे स्वीकारताना ही अट मला अस्वस्थ करते. कारण बांधाच्या वादावरून वर्षानुवर्षे एकमेकांशी न बोलणारे भाऊही आपापला लखोटा न चुकता आणून देतात.

या अस्वस्थतेतच लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा हाती घेतली. १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथेचा गौरव तिच्यातील निर्मळ विनोदासाठी आणि प्रांजळ बोलभाषेसाठी होत आला आहे. तो यथार्थच आहे. परंतु समेटाची कथा म्हणून तिच्याकडे आपण पुरेशा गांभीर्याने पाहिलेले नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला; लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली वर्षे विरहाची, लोकापवादाची आणि पुढे एकत्र येऊनही न मिटलेल्या अंतराची आहेत. ज्या घरात वडिलांच्या टोकाच्या सोवळ्यात बालपण गेले, त्या घरच्या मुलीला पतीचा नवा धर्म म्हणजे आकाशच कोसळणे होते. लेखिका हा आघात सौम्य करीत नाहीत. आपला संताप, आपला हट्ट, टिळकांचा लहरी स्वभाव, सारे त्या उघडपणे मांडतात. तरीही कोठे कडवटपणाची गाठ राहत नाही. येथे विनोद हा अलंकार नसून क्षमेची रीत आहे. दुखापत विसरून नव्हे, तर तिचे नाव घेऊन त्या क्षमा करतात. आपल्या पापनिवेदनात नेमके हेच राहून जाते : आपण पापाचे नाव घेतो, पण दुखावलेल्या माणसाचे घेत नाही.

दानाच्या बाबतीतही हे पुस्तक भाबडे नाही. टिळकांचा हात सढळ होता. त्या औदार्याची झळ संसाराला लागे आणि तिचा हिशेब लक्ष्मीबाईंना जमवावा लागे. चरित्रकाराने अशा उदारतेची आरती ओवाळली असती. पत्नीने ती हसत हसत तपासली आहे. पुढे अनाथ मुलांना याच घराने आसरा दिला आणि प्लेगच्या आजाऱ्यांच्या सेवेसाठी लक्ष्मीबाई स्वतः उभ्या राहिल्या. तेव्हा दानात पैशाबरोबर माणूसही उतरला.

प्रार्थनेचे स्वरूपही असेच अनलंकृत आहे. जातिभेद ईश्वराने केला की माणसाने, या प्रश्नाशी त्या एकट्याने झुंजल्या आणि मनातील विटाळाची भिंत बाप्तिस्म्यापूर्वीच ढासळली. देवासमोर प्रामाणिकपणे विचार करणे हीदेखील प्रार्थनाच होय.

येथे एक आक्षेप टाळता येणार नाही. अखेर पत्नीच पतीच्या श्रद्धेकडे आली. मग हा समेट की शरणागती? आक्षेप रास्त आहे. दुर्बलानेच नमावे असा उपदेश कौटुंबिक कलहात आम्ही धर्मगुरूंनीही केलेला आहे, याची मला लाज वाटते. परंतु पुस्तकाची साक्ष वेगळी आहे. टिळकांनी वाट पाहिली, पत्नीचे सोवळे सोसले, तिच्यावर बाप्तिस्मा लादला नाही. तिने स्वीकार केला तो स्वतःच्या पायांनी चालत जाऊन. जेथे बलवान थांबायला शिकतो, तेथेच समेट संभवतो.

या समेटाची खूण पुस्तकाबाहेरही आहे. १९१९ मध्ये टिळक निवर्तले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. त्यांच्या हातून आरंभीचे मोजकेच अध्याय झाले होते. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. ज्या नावाने संसार दुभंगला, त्याच नावाचे काव्य तिने पूर्णत्वास नेले.

टिळक पतिपत्नी आपल्या ख्रिस्तसभेचे नव्हते. तरीही क्रुसाच्या वाटेवर चौदा स्थाने चालून घरी परतल्यावर या पुस्तकाची काही पाने अवश्य वाचावीत. पंधरावे स्थान बहुधा आपल्याच उंबरठ्याशी, न बोलणाऱ्या भावाच्या दारात असते. लखोटा त्यानंतर आणला तरी चालेल.